पुढचं चाक

काय म्हणालात? परत सांगा एकदा. नाही, ऐकू आलं मला, शिलाईचं मशीन बंद आहे माझं — पण परत सांगा. ह्यांनी मला पुढे पाठवलं? असं म्हणाले ते क्लबात, सगळ्यांसमोर — की टायर फाटला, मी रस्त्याच्या कडेला उभा, बायको थांबत होती, मीच तिला म्हटलं, तू जा, माझ्यापायी तुझी शर्यत सोडू नकोस? आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आणि आता त्याबद्दल ह्यांचा सत्कार, आणि मी स्टेजवर येऊन दोन शब्द बोलायचे, नवऱ्याच्या त्यागाबद्दल. बसा. तिथे नको, त्या सोफ्याचं कापड उसवलंय मी, आत नुसत्या स्प्रिंगा आहेत, टोचतील. त्या स्टुलावर बसा, ते फोमचे तुकडे सारा बाजूला. मी हातातलं काम सोडत नाही हं, हे कव्हर संध्याकाळी गिऱ्हाइकाला द्यायचंय — टाके उसवता उसवता बोलते. बरंच आहे ते. आत्ता माझ्या हातात उसवायला काहीतरी असलेलं बरं.

चहा विचारत नाही तुम्हाला. राग तुमच्यावर नाही, तुम्ही सेक्रेटरी, तुमच्या कानावर जे आलं ते तुम्ही खरं मानलंत. पण चहा आज नाही.

मला हे आत्ता कळतंय, तुमच्या तोंडून. कारण घरात वेगळंच चाललंय. घरात काय चाललंय माहितीये? घरात मी नवऱ्याला भर उन्हात टाकून गेलेली बाई आहे. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात — गॅस संपलाय, कचरेवाला आलाय — एवढंच, आणि तेही भिंतीकडे बघून. मुलगी हॉस्टेलवरनं फोन करून म्हणते, “आई, एक चाकच तर मागत होते बाबा.” तिला कोणी सांगितलं चाकाचं? मी नाही सांगितलं. म्हणजे घरात चाक आहे आणि क्लबात चाक नाही. घरात मी त्यांना सोडून गेले, क्लबात त्यांनी मला पाठवलं. दोन्हीकडे बिचारे तेच. एका माणसाने किती ठिकाणी बिचारं व्हायचं हो?

सांगते चाकाचं, सांगते. तुम्हाला नीट कळायला हवं, तुम्ही सत्काराची तयारी करताय.

तुमच्याकडे सगळे म्हणतात ना, कप्तानांनी बायकोलाही तयार केलं — कप्तानच म्हणता ना ह्यांना? डॉक्टरांनी ह्यांना चालायला सांगितलं होतं. साखर वाढली होती, चाला रोज, एवढंच. तर हे तुमच्या क्लबात नाव घालून आले, पोहणं, सायकल, पळणं, तिन्ही एका दिवसात, एकापाठोपाठ — पण पाण्याची भीती. हे तुम्हाला माहीत नसेल. मान हलवू नका, नाहीये माहीत. एकटं तलावावर जायची लाज वाटायची, म्हणून मला नेलं. मी काठावर बसायचं, टॉवेल मांडीवर घेऊन. हे दांडीला धरून पाय आपटणार आणि दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघणार, मी आहे ना म्हणून. मी होतेच. कुठे जाणार? तिथली शिकवणारी बाई एक दिवस म्हणाली, ताई, नुसत्या बसून काय करता, उतरा की. उतरले. डोकं पाण्याखाली घातलं आणि — काय सांगू — कोणाचाच आवाज येईना. मशीनचा नाही, सासूबाईंचा नाही, ह्यांचा नाही. मी म्हटलं, हे आपल्याला कोणी आधी का नाही सांगितलं?

मला वेग नाही. तुम्ही बघितलंय मला, म्हातारीसारखी सायकल चालवते म्हणून तुमची पोरं हसायची — हसायची, मला माहितीये. पण मी थांबत नाही. सोफ्याचं कव्हर शिवताना पण तसंच, लांब सरळ शिवण असते ना, पाठीला रग लागते, तरी मधे थांबलं की शिवण वाकडी होते, म्हणून थांबायचं नाही. पहाटे उठून, सगळ्यांचं आवरून, मी सायकल काढायची. ह्यांच्यासारखीच, त्याच दुकानातली, त्याच मापाची. दोन घेतल्या तर स्वस्त पडतील म्हणून माझी घेतली. माझ्यासाठी नाही घेतली. असू दे, घेतली ना.

शर्यतीच्या दिवशी सकाळी तलावाच्या काठावर हे थरथरत होते. थंडीने, असं सगळ्यांना सांगत होते. मला म्हणाले, बाजूने पोहशील ना? मी म्हटलं, हो. आणि पोहले मी. अख्खं अंतर — जवळजवळ दोन किलोमीटर — ह्यांच्या बाजूने, प्रत्येक श्वास ह्यांच्या बाजूला तोंड करून घेतला, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसावं. दोनदा हे बोटीची दोरी धरून थांबले, दोन्ही वेळा मी पाय मारत पाण्यात उभी. माझ्या मागच्या बायका पुढे निघून गेल्या. ते मी धरतच नाही. नवरा आहे, घाबरलाय, थांबले. ते कोणाला सांगितलंय का त्यांनी क्लबात? सांगितलंय? नाही ना. वाटलंच.

आणि बाहेर पडल्यावर? पाय जमिनीला लागल्याबरोबर कप्तान परत कप्तान. सायकल काढली आणि सुटले. मी मोजे चढवतेय तर हे दिसेनासे. मागे वळून बघितलं का? मी वाट बघत होते, म्हणून सांगते. नाही बघितलं. जाऊ दे, तेही जाऊ दे, ज्याचा त्याचा वेग असतो.

सायकलचं अंतर नव्वद किलोमीटर. अर्ध्याच्या पुढे एक उतार आहे, खाली रस्ता उखडलेला — तिथे हे दिसले. कडेला दगडावर बसलेले, सायकल उलटी करून ठेवलेली. मला वाटलं पडले. मी लांबूनच ओरडत आले, लागलं का, लागलं का? उतरले सायकलवरून. ऐकताय ना? उतरले मी. कोणी मला उतर म्हटलं नव्हतं. तर लागलं कुठेच नव्हतं. पुढचा टायर कडेने फाटला होता, चांगली दोन बोटं. जवळची ट्यूब आधीच वापरून झालेली. मी माझी ट्यूब काढली, म्हटलं, ही घ्या. तर म्हणाले, “ट्यूबचं काय करू, टायर गेलाय. तुझं पुढचं चाक दे.”

माझं पुढचं चाक. म्हणजे मी तिथे बसायचं, त्या दगडावर, आणि ह्यांनी जायचं. तुम्ही नियम करणारी माणसं, तुम्हाला ठाऊक आहे — ट्यूब देता येते, पण स्वतःची सायकल निकामी करून दुसऱ्याला चाक दिलं की आपण बाद. हे मला ह्यांनीच शिकवलं होतं, रात्री जेवताना, सासूबाईंना पण शिकवलं होतं.

आणि मी — थांबा, ही कात्री द्या जरा, तुमच्या पायाशी आहे — मी हे कोणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, कोणालाच नाही. मी खाली वाकले. सायकल आडवी केली आणि चाकाचा खटका उघडला. विचार करून नाही. हात गेला आपोआप. जसा ताटात वाढायला जातो, पडलेला टॉवेल उचलायला जातो, तसाच गेला. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. तेच तर. रडू नाही आलं, राग नाही आला, काहीच नाही. त्यांना हवंय, द्यायचं, झालं. चाक निम्मं बाहेर आलं होतं. माझा राग तुम्हाला वाटतो ह्यांच्यावर आहे — आहेच, तो आहेच — पण त्या हातावर जो आहे ना, तो निराळाच आहे. तो अजून जात नाही.

आणि तेवढ्यात हे म्हणाले. गप्प बसले असते तर आज तुम्हाला माझा सत्कार करायला लागला असता, त्यागाचा, किंवा कोणीच केला नसता, बायकोने चाक दिलं तर त्यात काय. पण हे बोलले. घड्याळाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. म्हणाले, “लवकर कर. तसंही तुला पुढचं झेपणार नव्हतंच.”

पाण्यात मी. बाजूने मी. दोरी धरलेल्या माणसाला, आहे हं मी, आहे हं, म्हणणारी मी. आणि मला झेपणार नव्हतंच.

चाक परत बसवलं. खटका दाबला. नीट दाबला, हाताने ओढून बघितला. ह्यांना वाटलं मला निघत नाहीये, म्हणून पुढे आले, म्हणाले, सरक, मी काढतो — आणि हँडलला हात घातला. मी म्हटलं, “बाजूला हो.” हो. ‘व्हा’ नाही म्हटलं. इतकी वर्षं संसार केला, कधी एकेरी हाक मारली नाही मी, भांडणात नाही, झोपेत नाही. त्यांनी हात काढला. मी ट्यूब त्यांच्या दगडावर ठेवली आणि गेले. आणि तुम्हाला सांगते, सासूबाईंना चाकाचं एवढं नाही. त्यांना त्या ‘हो’चं आहे. “माझ्या मुलाला रस्त्यात अरे-तुरे केलंस” — हे एकच वाक्य त्या माझ्या तोंडाकडे बघून बोलल्या, तेवढं एकच.

मग पळाले. अर्धी मॅरेथॉन. पळाले कसली, निम्मं चालले. पायाची नखं काळी झालीत, अजून आहेत. शेवटी शेवटी ते तुमच्या क्लबातले लोक खांब उपटत होते, कमानीची हवा काढायच्या तयारीत होते, माझ्यासाठी थांबले. पण वेळेत आले मी. अगदी थोडक्यात, पण वेळेत. गळ्यात पदक घातलं कोणीतरी. आणि मी काय केलं? गर्दी नव्हतीच, आठ-दहा माणसं असतील, त्यांत मी — मी ह्यांना शोधलं. एवढं सगळं झाल्यावर. मला वाटलं टॉवेल घेऊन उभे असतील. एवढंच वाटलं. काही बोलू नका, नुसता टॉवेल. मी तर किती दिवस बसले होते की हो काठावर.

नव्हते. शर्यतीच्या गाडीने ह्यांना तलावावर आणून सोडलं होतं आणि हे आमची कार घेऊन घरी गेले होते. त्या कारमध्ये माझे कोरडे कपडे, माझा फोन, माझी पर्स, घराची किल्ली. पाणी वाटणाऱ्या एका बाईच्या फोनवरून मी घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. म्हणाल्या, तो दमून झोपलाय, उठवत नाही. ज्या टेम्पोतून ते लोखंडी कठडे परत चालले होते त्यात बसून मी आले. घामाने ओल्या कपड्यात, ड्रायव्हरच्या शेजारी. त्याने पदक बघितलं, विचारलं, जिंकलात का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, छान. दिवसभरात मला छान म्हणणारा तो एक माणूस.

घरी आले तर हे उठून बसले होते, पाय बादलीत. माझ्याकडे बघून काय म्हणाले असतील? गरम पाणी संपलंय. बस. त्यावर मी पण काही बोलले नाही, थंड पाण्याने अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर बसले. आजपर्यंत बोलले नाही. मला वाटलं, लाज वाटत असेल त्यांना, वेळ जाऊ दे, बोलतील. आणि मी वाट बघत होते! वेळ कशात चालला होता ते आज कळलं. हे ती गोष्ट शिवून काढत होते. सरळ, सुबक, टाका दिसणार नाही अशी.

नाही, तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका. ओशाळले असतील म्हणता. ओशाळलेला माणूस गप्प बसतो, सत्काराची तारीख नाही देत. आणि मी स्टेजवर आले तर खरं बोलेन, आणि मग तुमचा कार्यक्रम — थांबा. लिफ्ट. आलेच हे.

दार उघडंच आहे, या. तुमचे सेक्रेटरी आलेत, सत्काराचं विचारायला. सगळं सांगितलं त्यांनी, तुम्ही मला कसं पुढे पाठवलंत ते. — नाही, पाणी नंतर देते. बॅग असू दे खांद्यावर. मला एकच विचारायचंय, यांच्यासमोर. त्या रस्त्यावर मी खाली वाकून चाक काढत होते, तेव्हा तुम्ही मला काय म्हणालात?

मी नाही सांगत. तुम्ही सांगा.

त्यांच्याकडे काय बघताय, त्यांना माहीत आहे. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

आत कुठे निघालात? उभे राहा इथेच.

साहेब, तुम्ही निघा आता. दार ओढून घ्या जाताना. आमचं बोलणं राहिलंय.