मंगळवार आणि शुक्रवार

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं. गृहस्थांच्या कानाला पट्टी होती. बाईंच्या मांडीवर वही उघडी होती आणि पानाच्या मधोमध पट्टीने नीट आखलेली रेघ.

"छोट्या गावात राहायला जायचं तर डावीकडे फायदे लिहिलेत. अंगण, मोकळी हवा, माझी बहीण दोन गल्ल्यांवर."

"आणि उजवीकडे तोटे?"

"एकच. तुम्ही."

"मी?"

"चाळीस वर्षं सकाळी आठला सलून उघडायला गेलात, म्हणून आपला संसार टिकला. तिथे दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात बसून मला कांदा चिरायला शिकवाल."

"जाडच चिरतेस तू."

"बघा. आणि काल घर बघायला गेलात ते कान कापून आलात. तो कसा कापला?"

"केस कापून घ्यायला बसलो होतो. स्वतःचे मला कुठे कापता येतात? गावात एकच न्हावी, ऐंशीचा. हात थरथरतो त्याचा."

"भांडलात?"

"छे. पुढच्या गिऱ्हाइकाला मीच कात्री लावली. मग आणखी चौघे माझ्यापुढे बसले. निघताना म्हातारा म्हणाला, दर मंगळवारी, शुक्रवारी येत जा."

"हे काल सांगायचं नाही का? कालपासून मला घास गोड लागला नाही."

बाईंनी उजवीकडचा शब्द खोडला.

"मग जायचं ना?" गृहस्थांनी विचारलं.

"जायचं. पण बाकीचे पाच दिवस?"

"तुझ्याजवळ बसेन."

"त्याला विचारा, रविवारी गर्दी असते का."