अस्वलाची चाल

खेळाच्या तासाले मास्तरले काय काम असते, असं तुमीच म्हनता ना? मंग ऐका. आमची शाळा जंगलाले लागून. दुसरीच्या पोरायले मी मैदानात अस्वलाची चाल शिकवाले घेतली. हात टेकवा, कंबर वर करा अन् चार पायांवर चाला. हातापायाचा मेळ चांगला बसते त्यानं. पन एकबी पोरगं वाकाले तयार नाई! एका पायावर उभे राहा म्हटलं, राह्यले. उड्या मारा म्हटलं, मारल्या. वाका म्हटलं की सारे खांबासारखे उभे.

मले वाटलं, लाजून राह्यले. म्हनून मीच हात टेकवले अन् चालून दाखवाले लागलो. तर पोरं वरडली, "सर, उठा! उठा!" सुमी नावाची पोरगी तर धावत आली अन् माहा शर्टच वढाले लागली.

मले हासू आलं. "काऊन गं? का झालं?"

"वाकलेला मानूस वाघाले जनावर दिसते, सर."

"कोनं सांगतलं तुले?"

"बाबानं. माही आई मोहफुलं वेचाले वाकली होती."

आता येवढं मोठं मैदान रिकामं पडून राह्यते अन् ती चाल मी वर्गात घेतो, दार लावून. पोरं वाकतात, हासतात, एकमेकाच्या अंगावर पडतात. सुमीले मात्र अजून वाकवता आलं नाई मले. ती खिडकीपाशी उभी राह्यते, बाहेर नजर लावून.

"ये ना सुमे," म्हटलं की म्हनते, "तुमी वाका सर. मी पाहून राह्यली."