चावी सूनबाईच्या पर्समध्ये

...नाही, मला एक सांगा, जिच्या पोटात तेलाचा थेंब जात नाही तिची सीसी मी आणू कुठून? तो विम्याच्या ऑफिसातला टेबलामागचा साहेब मान वर न करता विचारतो, "सीसी किती?" आता मला एका कानानं कमी ऐकू येतं आणि दुसऱ्या कानानं मी मुद्दाम कमी ऐकतो, मला ऐकू आलं शिशी. म्हटलं, शिशीबिशी नाही दिली साहेब, दुकानदारानं नुसतं वायरचं एक भेंडोळं दिलंय, भिंतीला लावायचं. साहेबानं मान वर केली. "काका, इंजिनाची सीसी." म्हटलं, इंजिन नाही. "मग गाडी चालते कशावर?" विजेवर. "बरोबर आहे, पण सीसी किती?"

म्हणजे आम्ही दोघं गोल गोल फिरतोय, आणि गाडी मात्र घरी उभी.

तुम्हाला सांगतो, सीसी घातल्याशिवाय त्याचा कॉम्प्युटर पुढेच सरकत नाही. शेवटी त्यानं शून्य घातलं, एक बटण दाबलं आणि तोंड पाडून माझ्याकडं बघत बसला, डॉक्टर बघतात तसा. म्हणाला, "काका, कॉम्प्युटर म्हणतो, अशी गाडीच नाही."

मी म्हटलं, बरं.

आता काय भांडायचं? फोनमधला फोटो दाखवला त्याला. फोटोत गाडी, आणि गाडीला टेकून आमची ही उभी. तो विचारतो, "या कोण?" म्हटलं, माझी बायको, हिचीपण सीसी मला माहीत नाही. हसला नाही हो. विमा विकणारी माणसं हसत नाहीत, त्यांना सारखं कोणीतरी मेलेलं दिसत असतं. पुढं म्हणतो कसा, "ठीक आहे, हातानं लिहून पाठवू, पण बॅटरीचा विमा वेगळा पडेल हं." म्हटलं, साहेब, बॅटरी काढली तर खाली उरतं काय? दोन चाकं आणि एक आरसा. त्याचा विमा मी काढू का न्हाव्यानं काढायचा? त्यानं एका कागदावर आकडा लिहून माझ्याकडं सरकवला. मला सही येते आणि आकडे येतात, बाकी अक्षरांची आणि माझी लांबूनच ओळख, पण तो आकडा मला नीट वाचता आला. तेवढ्या पैशात गाडीला पाठची बहीण आली असती.

मी म्हटलं, बरं. आणि उठलो.

तुम्ही म्हणाल, या वयात याला मोटरसायकल कशाला? अहो मी नळवाला. अर्धा जन्म लोकांच्या बेसिनखाली उताणा पडून गेलाय माझा. पाने, पक्कड, वायसर, पाइपाचे तुकडे, ही एवढी जड पिशवी, ती घेऊन बसमध्ये चढलं की कंडक्टर म्हणतो, "आजोबा, पाइप बाहेर." मग मी पण बाहेर. माझी जुनी पेट्रोलची फटफटी होती, गल्लीच्या टोकाला लागली की आमची ही चहा टाकायची इतका तिचा आवाज. एक दिवस मी कुणाच्यातरी टाकीत डोकं घालून बसलेलो, आणि इकडं मुलानं ती भंगारवाल्याला देऊन टाकली. घरी आलो तर दारात ही नवी, विजेची, चकाचक. मुलगा म्हणतो, "बाबा, तुमच्यासाठी." मी म्हटलं, बरं, आण चावी. तर म्हणतो, "चावी मिळेल. आधी पूर्ण विमा काढा. गाडी मी घेतली, विमा तुमचा." आणि चावी गेली सूनबाईच्या पर्समध्ये, आतल्या कप्प्यात, जिथं सूनबाईचा हातसुद्धा विचारून जातो.

हे विम्याचं मला जमायचं नाही, त्याला ठाऊक होतं हो. माझ्या पोटचा आहे, मला न ओळखायला काय झालं? त्याला वाटतं बाबांनी आता घरी बसावं, पेपर बघावा. पेपर बघावा म्हणजे बघावाच, वाचता कुठं येतो?

आणि इकडं पुलापलीकडच्या मास्तरीणबाईंचा फोन. रिटायर झाल्यात, पण फोनवर अजून वर्गात असल्यासारख्या बोलतात. "काका, नळ ठिबकतोय. खाली बादली ठेवली आहे. कधी येता?" म्हटलं, बाई, येतो, जरा विम्याचं बघतो. "नळाचा विमा असतो?" म्हटलं, नाही हो, माझ्या येण्याचा.

मग आमच्या गल्लीतला न्हावी म्हणाला, फोनवरून काढ, स्वस्त पडतो. लावला फोन. एक दाबा, दोन दाबा, तीन दाबा... मी कुठंही चूक नको म्हणून सगळंच दाबलं. शेवटी एक मुलगी आली, आवाज असा की नुकताच साखरेच्या डब्यातून काढलाय. "नमस्कार काका, आपली गाडी रात्री कुठे असते?" म्हटलं, घरीच असते, अजून कुणाच्या नादाला लागलेली नाही. "गाडीत काही फेरफार केला आहे का?" इथं माझी जीभ घसरली.

झालं होतं काय, ही विजेची गाडी आवाज करत नाही. मुलगा ती जागेवरून हलवायला एकदा मागं घेत होता तर मागं झोपलेलं कुत्रं उठलंच नाही, आम्ही कुत्र्याला उचलून बाजूला ठेवलं. मग मी म्हटलं हिला गळा दिला पाहिजे. बाजारात एक खेळणं मिळतं, दाबलं की गाढव ओरडतं. ते मी हँडलला तारेनं बांधलं, आणि तळमजल्यावरचा शिंपी मापं घेत होता तेव्हा दाबून बघितलं. त्या गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय अजून आखूड आहे.

हे मी तिला हौसेनं सांगितलं. बायकांना हसवायची खोड, दुसरं काय. तिकडं टकटक, टकटक, टाइप केल्याचा आवाज. म्हटलं, बाई, काय लिहिता? "फेरफार आहे, असं लिहिलं काका. ध्वनियंत्र. प्राणी." आणि हप्ता चढला. म्हटलं, गाढवामुळं? "हो काका, गाढवामुळं." म्हटलं, मी आत्ता तोडून टाकतो, तुम्ही फोन धरा. "आता नाही काका, नोंद झाली."

मी म्हटलं, बरं.

"चालवणार कोण?" मी. "वय?" मी वय सांगितलं. टकटक थांबली. मग खूप गोड आवाजात म्हणते, "काका, तुमच्या वयाला ना, माणसं संपतात." मग घाईघाईनं म्हणते, "म्हणजे यादी संपते काका, आमच्या कॉम्प्युटरची यादी, माणसं नाही." म्हटलं, कळलं हो बाई, कुणीतरी सांगायलाच पाहिजे होतं.

पूर्वी मी अशा मुलीला पंधरा मिनिटं गुंडाळलं असतं, गाढवाचंच वय विचारायला लावलं असतं. पण नाही आलं काही. फोन ठेवला आणि खिडकीतून खाली गाडीकडं बघत बसलो. राग आला का? नाही. वाईट वाटलं का? तेही नाही हो. दाताच्या डॉक्टरनं सुई दिली की गाल असतो आपलाच, पण शेजाऱ्याचा वाटतो, तसं सगळं. ही म्हणाली, "चहा घेता का?" मी म्हटलं, बरं. चहा प्यालो की नाही ते तिला विचारा.

तोवर मास्तरीणबाई परत. "काका, बादली भरली. दुसरी ठेवली आहे." त्यांच्या आवाजात नाही का, छडी हातात घेतलेली पण अजून उचललेली नाही, असं काहीतरी.

मग न्हाव्यानंच तिसरा माणूस सांगितला. झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक फळी टाकून बसतो, भिंग लावल्यासारखा चष्मा. सीसी विचारली नाही त्यानं. वय विचारलं नाही. गाढवाचं मी बोललो नाही. मला वाटलं, चला, माणूस भेटला. तो म्हणतो, "काका, स्वस्तातला हवा ना? मग उभा काढू का?"

आता तुम्ही सांगा, उभा काढू का म्हटल्यावर तुम्ही काय समजाल? मी समजलो, उभ्या उभ्या काढून देतो, बसायची गरज नाही, चहापाणी नाही, हा घ्या कागद आणि चालायला लागा. म्हटलं, उभाच काढा हो, मला पुलापलीकडं जायचंय, दोन बादल्या भरल्यात. तो म्हणाला, "नक्की? नंतर तक्रार नको." म्हटलं, बसून काढायला मी काय पाटावर बसलोय? सही केली. शिक्का बसला, निळा, गोल, असा ओला ओला. आणि पैसे म्हणाल तर, दोन नळ बदलले तर सुटतील इतकेच. मी त्याचा हात हातात घेऊन हलवला. भला माणूस.

घरी आलो, कागद मुलापुढं ठेवला, आणि हात असा पुढं केला, सूनबाईकडं, चावीसाठी. सूनबाईनं पर्स उघडलीसुद्धा. मुलगा वाचतोय. वाचतोय, आणि त्याचा चेहरा असा सैल पडत चाललाय, पाणी ओसरल्यावर टाकी दिसते तसा. "बाबा, आग लागली, चोरी झाली, वरून झाड पडलं, भिंत पडली, सगळ्याचे पैसे मिळतील." म्हटलं, मग? "उभ्या गाडीचा विमा आहे हा. गाडी एका जागी उभी असेल तोवरच. रस्त्यावर नेली की संपला." म्हटलं, उभा म्हणजे... "उभी गाडी, बाबा." पर्सची चेन बंद झाल्याचा आवाज आला. बारीकच आवाज, पण त्या दिवशी माझे दोन्ही कान चालू होते.

मुलगा उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "छान काम केलंत बाबा. आता काळजी नाही."

मी म्हटलं, बरं.

मास्तरीणबाईंना मीच फोन केला. "काका, राहू द्या," म्हणाल्या, "एक मुलगा येऊन गेला. पाच मिनिटांत झालं. तुम्ही तब्येत सांभाळा." माझ्या तब्येतीला काही झालं नव्हतं हो, पण मी म्हटलं, सांभाळतो.

परवा त्या चष्मेवाल्याकडून एका बाईचा फोन. गिऱ्हाईक खूश आहे का, हे बघायला ठेवलेली बाई. "काका, गाडी कशी आहे?" म्हटलं, मजेत आहे. पुसून ठेवतो रोज. तिला आता काहीसुद्धा होऊ शकत नाही. बाई खूश. म्हणाली, "मग काका, स्वस्तातलाच एखादा तुमचा स्वतःचा पण काढून ठेवूया का?"

म्हटलं, माझा मुलानं केव्हाच काढलाय, बाई. गाडीचा उभा आहे, माझा बसता.