चालता चालता चार्जिंग

कोथरूडच्या शोरूममध्ये माझ्यापुढे एक काका-काकू बसले होते. समोर विक्रेती मुलगी.

"ही गाडी चालवताना आपोआप चार्ज होते म्हणे."

"थोडीशी होते, काका. ब्रेक लावला की, किंवा उतारावर."

"मग सिंहगडावरून उतरताना पूर्ण भरेल."

"चढताना जेवढी संपते, तेवढी उतरताना भरत नाही. घरी प्लग लावावाच लागतो."

"मी ब्रेक जास्त लावीन."

"अहो, मग पोहोचाल कधी?" काकू म्हणाल्या.

"पार्किंगमध्ये प्लग नाही का, काका?"

"आमच्या सोसायटीत गाड्या चार्ज करायला बंदी आहे."

"सेक्रेटरींना एकदा सांगून बघा ना."

काकांनी माहितीपत्रक उघडून तोंडासमोर धरलं.

"ते ऐकत नाहीत गं कोणाचं. लग्न झाल्यापासून सांगून बघतेय मी."