टाळ्यांविना निरोप

सन्माननीय अध्यक्ष आण्णासाहेब, उशिरा का होईना उमरग्यात पोचलेले प्रमुख पाहुणे योगीराजसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेल्या निखतच्या आई खैरुनबी आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

टाळ्या नकोत. हात मांडीवरच ठेवा. माईक मीच बंद करायला लावला आहे. हळू बोलले तरी माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, हे तुम्हाला वर्गातून ठाऊक आहे. खुर्ची सरकवायची नाही.

सत्कारमूर्ती कुठं आहे? या भिंतीपलीकडे, प्रयोगशाळेच्या अंधारात. पाहुण्यांची वाट बघून बघून निखतनं शेवटची काच लावायला घेतली. गाडी फाटकात शिरली तेव्हा लेझर सुरू झाला होता. तो मधेच थांबवता येत नाही. म्हणून तुम्हाला जागेवर बसवून ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

योगीराजसाहेब आत्ताच कानात म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे बाळ झोपल्यावर असं बोलतात." साहेब, बाळ उठलं तर परत झोपवता येतं. ही काच बिघडली की बिघडली.

दोन काचांमध्ये पाकासारखं पातळ मिश्रण असतं, त्यात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण. लेझरचे दोन झोत एकमेकांवर पडले, की त्यात उजेडाचे आणि अंधाराचे पट्टे तयार होतात. उजेडात मिश्रण घट्ट होतं, कण अंधाराकडे सरकतात. पट्टे कायमचे गोठतात. मग ती काच उजेडाला हवं तिकडं वळवते. हे होत असताना केसाच्या हजाराव्या भागाइतकं जरी काही हललं, तरी सगळं पुसलं जातं.

आणि आपलं कॉलेज कुठं आहे? हायवेला लागून! पहिली काच ट्रकांनी घालवली. तेव्हा सादिकमामांनी त्यांच्या पंक्चरच्या दुकानातून ट्रकच्या ट्यूबा आणल्या. त्यांच्यावर वाळूची पेटी आणि त्या पेटीवर सगळा प्रयोग. ट्रकचे हादरे ट्रकच्याच ट्यूबा झेलतात. दुसरी काच जिन्यातल्या पळापळीत गेली. पळणारे समोर बसलेत, नावं घेत नाही.

उद्या निखतला बेंगळुरूच्या संस्थेत काच घेऊन हजर व्हायचं आहे. काच नाही, तर जागा दुसऱ्याची. उसना लेझर संध्याकाळी परत जाणार. मिश्रण संपलं.

थांबा.

ट्रक होता. गेला. ट्यूबांनी झेलला असेल ना?

मला भीती वाटते आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये तुम्हाला घाम फोडणाऱ्या बाईचे तळहात आज ओले आहेत. खैरुनबी तर मघापासून तोंडावर पदर दाबून बसल्यात. मी म्हटलं, बाहेर जाऊन बसा. म्हणाल्या, "उठले तर खुर्ची वाजंल, बाई. अन् म्या खोकले अन् पोरीची काच गेली तर? जीव गेला तरी खोकत न्हाय."

काच साधली, तर आत भिंतीवर लेझरच्या लाल ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका उमटतो. नाही तर एकच राहतो. यापलीकडे मला काही माहीत नाही.

पाहुण्यांचे आभार. श्वास रोखून बसलात, त्याबद्दल तुमचेही. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून कमीजास्त शब्द गेला असेल, तर तो मनात ठेवू नका.

दार वाजलं. कुणी उठू नका. निखत, तिथूनच सांग.

दोन बोटं दाखवतेय.

खैरुनबी, आता खोका.