ताटातली नळी

महिपती : दार लोट आधी. कडी घाल.

हौसा : घातली. अवो, पन इथं डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाय. लाइट कधी येनार?

महिपती : येईल तवा येईल. कॅमेऱ्यांना इन्व्हर्टर हाय, न्हानीला नाय. आपल्याला हीच जागा बरी. सगळ्या बंगल्यात मॅडमची नजर पोचत नाय ती इथंच.

हौसा : चांगलं नशीब आपलं. एवढा मोठा बंगला, आन् लपायला कुत्र्याची न्हानी.

महिपती : हळू बोल गो. ओसरीवरचा कॅमेरा ऐकतो पन.

हौसा : आता सांगा, झालं कसं? मी भांडी घासायला बसले तवा टॉफी चांगला होता. परत आले तं तोंड वासून गरगर फिरतोय, लाळ गळतेय, पंजानं जबडा खरवडतोय.

महिपती : मटनातली नळी अडकलीय.

हौसा : ती दिसली मला. खालच्या जबड्यात बसलीय, सुळ्यांच्या मागं, हातात बांगडी बसावी तशी. पन गेली कशी तिथं?

महिपती : खाटकानं दोन्ही अंगानं तोडलेली, नुसतं गोल कडं. आतला गर चाटायला यानं जीभ घातली, मग जबडाच घातला. आत गेला, बाहेर येईना. यवढासा तो जबडा, पामेरियनचा.

हौसा : आन् नळी त्याला दिली कोनी?

महिपती : मी दिली. दुसरं कोन हाय इथं?

हौसा : मॅडमनं किती वेळा सांगितलंय? शिजलेलं हाड द्यायचं नाय, त्याची कपची निघते आन् आतडी फाडते. काय बी द्यायचं तं आधी नख दाबून बघायचं. नख रुतलं तं द्यायचं, नाय रुतलं तं त्याचा दात मोडतो. पाकिटातली चघळायची कांडी पन त्याच्या तोंडापेक्षा मोठी घ्यायची, म्हंजे अख्खी गिळनार नाय. मला झोपेत विचारा, सांगीन.

महिपती : त्या कांडीला मी नख लावून बघितलंय. बरोबर रुततं. रबर चघळल्यासारखी लागते.

हौसा : तुम्ही खाऊन बघितली?

महिपती : जरा. गो, कुत्र्याच्या जातीला ती काय चव? आज मटनाचा वास घरभर, आन् हा माझ्या ताटाकडं बघत बसलेला. दया आली.

हौसा : दया आली. तुम्हाला. आन् नळी दिलीत.

महिपती : व्हय.

हौसा : आपल्या कमळीच्या हळदीला नळी व्याह्याच्या ताटात गेली म्हनून तुम्ही लग्न लागेपर्यंत तोंड फुगवून बसलेलात. सगळ्या वऱ्हाडानं बघितलं.

महिपती : मानूस बदलतो.

हौसा : उद्याच्या आधीच बदलायचं होतं तुम्हाला? उद्या काय हाय ठाऊक हाय ना?

महिपती : ठाऊक नसायला काय झालं. बारसं हाय.

हौसा : मागं याच्या हिरडीतनं रक्त आलं तवा तुमची गनपतीची सुट्टी गेली. नुसतं रक्त होतं ते. आता मॅडमनं हे बघितलं तं मला सोडतील? नात बारा दिवसांची झाली, अजून तोंड बघितलं नाय मी. पयलं बाळंतपन माहेरी होतं सगळ्यांचं. कमळीला माहेर म्हनून कुठं आनू? मागच्या खोलीत? विचारलं होतं मी. मॅडम म्हनाल्या, बाळ रडलं की टॉफीला त्रास होतो.

महिपती : गोड बोलून म्हनाल्या पन.

हौसा : गोडच बोलतात. म्हनून तं काय बोलता येत नाय. तिकडं जिते गावात, सासरी बाळंत झाली माझी पोर, आन् तिच्या सासूनं माझ्या नातीला पयलं न्हाऊ घातलं.

महिपती : आपलं घर असतं तं आनलीच असती ना. बांध फुटला, मिठागर खाडीत गेलं, घरात भरतीचं पानी. इथनं निघून जायचं तरी कुठं जायचं?

हौसा : ते मला नका सांगू. धरा त्याला नीट.

महिपती : थांब. फोन वाजतोय तुझा.

हौसा : मॅडम हाय. त्याचं तोंड दाबू नका, नुसतं गोंजारत बसा. आवाज करू देऊ नका. ... हां, बोला मॅडम.

मॅडम : हौसा, टॉफी कुठेय गं? कॅमेऱ्यात कुठेच दिसत नाहीये.

हौसा : न्हानीत हाय मॅडम. मागं चिखलात लोळला, धुतेय त्याला.

मॅडम : पाणी कोमट घे. आणि त्याचे दात झाले का घासून?

हौसा : आता घासनारच होते.

मॅडम : त्याचीच पेस्ट घ्यायची हं. आपल्या पेस्टनं उलट्या होतात त्यांना. ऐक ना, मला जरा काळजी वाटतेय. सकाळी कॅमेऱ्यात बघत होते, तो एकाच बाजूनं चावत होता असं वाटलं. पाणी पितो ना नीट?

हौसा : पितो की.

मॅडम : लक्ष ठेव. यांचा दात दुखला ना, तरी हे सांगत नाहीत. रडत नाहीत, काही नाही. एका बाजूनं खायचं, कडक काही समोर आलं की सोडून द्यायचं, गार पाण्याला तोंड लावायचं नाही, आणि एकटंच कुठेतरी जाऊन बसायचं. आपणच ओळखावं लागतं. रोज जवळ असतो त्यालाच कळतं.

हौसा : व्हय मॅडम.

मॅडम : मी जरा वेळानं व्हिडिओ कॉल करते. दात दाखव मला, मागचेसुद्धा. एकदा ते बघितलं की उद्या तू मोकळी. बाळाला काय नेतेस?

हौसा : कुंची शिवलीय.

मॅडम : अरे वा. फोटो काढून आण.

हौसा : आनते. ठेवू? ... गेल्या.

महिपती : जरा वेळानं म्हंजे कधी?

हौसा : त्यांचा चहा होईपर्यंत. तुमच्या हातात काय हाय ते?

महिपती : पक्कड.

हौसा : ठेवा ती बाजूला. नळी फुटायच्या आधी जबडा मोडेल. खोबरेल आनलंत?

महिपती : हे घे.

हौसा : कमळीचा चुडा आठवतो? रोह्याचा तो कासार. पोरीचा हात चांगला रुंद, आन् बांगडी बघितली तं बारकी. त्यानं जोर नाय केला. तेल लावलं, बांगडी तिरपी धरली, आंगठ्याकडचं हाड आधी घेतलं, मग करंगळीकडचं. एक बाजू, मग दुसरी. आपन उलटं करायचं. एक सुळा आधी सोडवायचा.

महिपती : करशील तू?

हौसा : मी नाय करनार तं काय कमळीची सासू येनार हाय जित्याहून? टॉवेलात गुंडाळा त्याला. हां, पाय आत घ्या. दोन्ही हातांनी. आता बॅटरी इकडं मारा.

महिपती : दोन्ही हात कुत्र्याला गुंतलेत ना.

हौसा : मग दातात धरा.

महिपती : खांद्यावर ठेवतो, मान वाकडी करून.

हौसा : पडली ना? दातात धरा म्हटलं तं.

महिपती : ओठात धरतो.

हौसा : ओठात कशी राहील? लोखंडाची जड बॅटरी ती. सुपारी दातानं फोडनारे तुम्ही, सोड्याची बाटली दातानं उघडायचात, आन् आज बॅटरी धरवत नाय?

महिपती : धरली. बघ. ऊं.

हौसा : हालवू नका. टॉफी, राजा, आ कर. आ कर माझा बाबू. तेल लावतेय नुसतं. बघा, फिरतेय नळी, जरा फिरतेय. आता तिरपी करते. अवो, उजेड इकडं, कुठं भिंतीवर मारताय? घट्ट चावून धरा ना ती.

(बॅटरी फरशीवर पडून विझते.)

हौसा : काय झालं? चावला का?

महिपती : नाय. सुटली तोंडातनं.

हौसा : ओरडलात तुम्ही.

महिपती : दचकलो. झाली परत चालू, घे. तूच धर काखेत.

हौसा : हां. दिसतंय. डावा सुळा... थांब रे बाळा, थांब... सुटला. सुटला डावा. आता उजवा तं असाच येईल. आली. ही बघा आली हातात.

महिपती : दात बघ त्याचे. मोडला नाय ना?

हौसा : नाय. हालत बी नाय. हिरडी जरा लाल झालीय. बघा कसा हात चाटतोय माझा, तेल लागलंय म्हनून. जा रे, सुटलास तू. बस तिथं.

महिपती : चल, झालं एकदाचं. मी ती नळी मागं पुरून येतो.

हौसा : थांबा. नख रुतत नाय हिच्यात.

महिपती : हाडात कसं रुतेल?

हौसा : आन् दुसऱ्या टोकाला गर तसाच हाय. त्याची जीभ पोचली नाय तिथं. तुम्ही नळी ताटावर आपटली नाय, चोखली नाय. तोंडाला लावलीच नाय.

महिपती : सांगितलं ना, दया आली.

हौसा : सकाळची भाकरी चहात बुडवून खाल्लीत. मला वाटलं, कडक झाली असेल. माठ भरलेला असताना कोमट पानी मागता. मला वाटलं, खोकला असेल. जेवलात की मागच्या पायरीवर जाऊन बसता, हाक मारली तं ओ देत नाय. मला वाटलं, माझ्यावर राग हाय कसला तरी.

महिपती : तुझ्यावर कसला राग?

हौसा : मॅडम फोनवर एकेक सांगत होत्या आन् मी या कुत्र्याकडं बघत होते. तुम्ही माझ्यासमोर त्याला मांडीवर घेऊन बसलेलात. कुठली बाजू?

महिपती : कसली बाजू?

हौसा : कुठली बाजू दुखते ते विचारतेय.

महिपती : डावी. खालची दाढ.

हौसा : कधीपासनं?

महिपती : नवरात्राच्या आधीपासनं. मीठ दाबून ठेवतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मिठागरावर आमचा म्हातारा मिठानंच दात घासायचा, मरेपर्यंत बत्तिशी शाबूत होती त्याची.

हौसा : बापाचं नका सांगू. मला का नाय सांगितलं?

महिपती : सांगितलं असतं तं तू मला रोह्याला डॉक्टरकडं धाडलं असतंस. दोघांत मिळून महिन्याची एकच सुट्टी. ती माझ्या दाढेत गेली असती. नातीचं बारसं काय परत येत नाय गो. दाढ काय, पुढल्या महिन्यात पन दुखेल.

हौसा : रागच येतोय मला तुमचा.

महिपती : येऊ दे. उद्या जाऊन ये, मग राग कर.

हौसा : दुखतंय म्हनून नळी सोडली, आन् मी इथं व्याह्याची गोष्ट काढून हसतेय.

महिपती : हसलीस ते बरं झालं. लाइट आली बघ. आन् तुझा फोन पन आला. डोळे पूस. त्याचं तोंड पन पूस, तेलकट दिसतंय.

हौसा : ... हां मॅडम. दिसतंय का?

मॅडम : दिसतंय. अगं माझं पिल्लू ते. ओठ वर कर जरा. हां. आता मागचे. हिरडी लाल वाटतेय का गं?

हौसा : आज जरा जोरात घासलं गेलं.

मॅडम : हळू गं, हळूच फिरवायचा ब्रश. पण दात स्वच्छ आहेत, छान ठेवलेत. चला, काळजी मिटली. उद्या किती वाजता निघतेस?

हौसा : मी नाय जानार मॅडम. उद्या हे जातील, रोह्याला, डॉक्टरकडं. दाढ दुखते यांची. नवरात्राच्या आधीपासनं.

महिपती : हौसा.

मॅडम : अरे देवा. महिपती, सांगायचं नाही का? दातांचं असं अंगावर काढायचं नसतं. रात्री लवंग दाबून ठेवा, आणि उद्या नक्की दाखवून या. पण हौसा, तुझं बारसं गं?

हौसा : बारसं होईल. दोघांना एकदम जाता आलं असतं तं...

मॅडम : दोघं एकदम कसं गं, टॉफी एकटा पडेल. मी येणार ते थेट शनिवारी. असू दे, तू आहेस ना घरी, मग मला टेन्शन नाही. ठेवते. बाय टॉफी.

महिपती : काय केलंस गो हे?

हौसा : फोन बंद झाला का बघा.

महिपती : झाला. मी पुढल्या महिन्यात गेलो असतो म्हटलं ना तुला. आता पोरीला काय सांगशील?

हौसा : सांगीन, आईला कुत्रा सोडवला नाय. ते लगेच खरं वाटेल तिला.

महिपती : रडतेस तू.

हौसा : रडतेय. रडू नको तं काय करू? नातीचं तोंड बघायचं होतं मला. कुंचीला चार रंगांचे गोंडे लावलेत, कोनाच्या हाती धाडू आता? सरका, बसा इथं त्याच्या स्टुलावर. बॅटरी द्या.

महिपती : लाइट हाय की आता.

हौसा : मागची दाढ लाइटीनं दिसत नाय. आ करा.

महिपती : नको गो. तोंडाला वास येतो.

हौसा : रोज सकाळ-संध्याकाळ कुत्र्याच्या तोंडात बोट घालते मी. आ कर.