डाळिंबाची तार

लेक : म्हणजे महिनाभर हे बाल्कनीचं दार उघडलंच नाही? मग आईच्या झाडांना पाणी?

वडील : घालतो की. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नळी सोडतो. एक दिवस चुकवलेला नाही.

लेक : न बघता?

वडील : पाण्याला काय बघायचंय?

लेक : कमाल आहे तुमची, बाबा. आई गेल्यावर तुम्ही तिच्या बोन्साय क्लबात नाव घातलंत, मला वाटलं, चला, जीव रमेल. पहिल्या रविवारी कार्यशाळा, मग कुंड्या बदलायचा दिवस, मग रोपवाटिकेची सहल, आता प्रदर्शनाची मांडणी. फोन करावा तेव्हा तुम्ही क्लबात. आणि घरची झाडं वाऱ्यावर! याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात.

वडील : तसं नाही गं. मला तिथे एक विचारायचं होतं.

लेक : मग विचारलंत?

वडील : नाही जमलं. कार्यशाळेत अध्यक्षबाई म्हणाल्या, कुणाला काही शंका असेल तर विचारा. मी हात वर केला आणि खताचं विचारलं. सहलीला बसमध्ये मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो. दोन तास माती या विषयावर बोललो.

लेक : पण विचारायचं काय होतं?

वडील : तार वेळेवर काढली नाही तर काय होतं.

लेक : कुठली तार?

वडील : डाळिंबाची. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी तिनं खालच्या फांदीला गुंडाळली होती, वळण द्यायला. मग दोन महिने दवाखान्यातच. शेवटी शेवटी म्हणाली, दहा तारखेच्या आत काढा, नाहीतर सालीत रुतेल. उलगडू नका, तुकडे करून काढा. बस. बाकी काही मागितलं नाही गं तिनं. एवढं एकच.

लेक : आणि दहा तारीख...

वडील : ती गेल्यावर अठराव्या दिवशी आली. पक्कड घेऊन दारापर्यंत गेलो. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, आणि तारेचे चार तुकडे करवले नाहीत. बाहेर ती होती.

लेक : बाबा...

वडील : वेड नाही लागलेलं मला. कात्रीचा आवाज येत होता. कट्. मग थांबायची. कुठली डहाळी ठेवावी याचा विचार करताना ती जेवढी थांबायची ना, तेवढीच. मग पुन्हा कट्. रोज दुपारी चारला. मी कुलूप घातलं दाराला.

लेक : घाबरलात?

वडील : तिला कशाला घाबरू? मला वाटलं, तार काढली की तिचं काम संपलं. मग ती कशाला येईल?

लेक : अजून येतो आवाज?

वडील : पंधरा दिवस झाले, बंद आहे. चार वाजता खुर्ची घेऊन दाराशी बसतो. कुंड्यांतलं पाणी ठिबकतं, दुसरं काही नाही. शब्द मोडला ना मी. रागावली असेल.

लेक : किल्ली द्या इकडे.

वडील : नको. रुतली असेल.

लेक : द्या म्हणते ना.

(कुलूप उघडतं. लेक डाळिंबाच्या कुंडीशी वाकते.)

लेक : रुतलीय. दोन ठिकाणी साल वरून मिटलीय, तार दिसतसुद्धा नाही.

वडील : फांदी मेली?

लेक : नाही. पालवी आहे... बाबा, आईनं मलाही सांगितलं होतं.

वडील : काय?

लेक : दहा तारखेला बाबांना फोन कर, त्यांच्या एकट्याच्यानं ते होणार नाही. चांगली हसत सांगत होती. आणि मी केला नाही. मुलांची परीक्षा होती, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, सांगायला पुष्कळ आहे. खरं म्हणजे दिवसभर फोन हातात धरून बसले होते. घरी फोन लावायचा आणि तो ती उचलणार नाही, हे मला सोसवत नव्हतं.

वडील : तुला येतो का गं तिचा आवाज? तिकडे, तुझ्या घरी?

लेक : नाही. मला काहीच ऐकू येत नाही.

वडील : ये इकडे. रडू नकोस. पक्कड माझ्या कामाच्या टेबलावर आहे, आण. तू फांदी धर, मी तोडतो.

लेक : आत गेलेली कशी निघेल?

वडील : ती नाही निघायची. बाहेरची तेवढी काढू.